दुसऱ्या दिवशीचा शेरा

मारुती मास्तर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं : "बाई, वांग्यात मीठ जास्ती पडलंय."

अफजलपूरच्या सरकारी मराठी शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूर होतं. मी ठाणाकुशनूरची, पार बिदरच्या टोकाची. नवरा गेल्यावर सहा वर्षांच्या लेकीला घेऊन भीमेकाठच्या या गावात नोकरीला आले होते. ओळख ना पाळख. समोरच्या खोलीत आमच्याच शाळेतले एक मास्तर एकटे राहतात आणि हातानं भाकरी थापून खातात असं कळलं, म्हणून शेजारधर्म म्हणून लेकीच्या हाती वाटीभर भाजी पाठवली. त्याचं हे बक्षीस. चांगलाच राग आला मला. या माणसाला पुन्हा पाणीसुद्धा विचारायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर वाटी परत द्यायला दारात उभे. वाटी घासून लख्ख केलेली आणि तिच्यात मूठभर भाजक्या शेंगा. म्हणाले, "वांगं मात्र असं शिजलतं की बोट लावलं की सुटावं. आमच्या मायच्या हातची भाजी आठवली."

"मग हे काल का नाही सांगितलंत?"

"काल मिठाचं सांगायचं होतं न्हवं का," ते म्हणाले, आणि निघून गेले. त्यांना ते अगदी सरळ वाटत होतं. मास्तर बौद्ध झालेल्या घरातले, त्यामुळं ती वाटी मी परत घरात कशी घेतली याची चर्चा गल्लीतल्या बायकांनी महिनाभर पुरवून पुरवून केली. पण शेंगा छान होत्या.

गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, तराजू मास्तर. कारण त्यांचं तोलणं. आणि तोलायची पद्धत एकच, ती कुणासाठी बदलायची नाही. पहिल्या दिवशी खोट, दुसऱ्या दिवशी गुण. पोरांच्या वह्या तपासायचे तेव्हा पहिल्या दिवशी लाल शाई. चूक, चूक, चूक, पानभर. दुसऱ्या दिवशी त्याच वह्या पुन्हा मागवून निळ्या शाईनं जे बरं असेल त्याच्याखाली रेघ ओढायचे. नवीन पोरं लाल शाई बघून रडायची. जुनी पोरं त्यांना समजवायची, "रडू नगं रं, उद्या निळी हाय." त्या पोरांना जे कळलं होतं ते मोठ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मोठ्यांमध्ये सगळ्यात महागात पडले ते तपासणीचे साहेब. गुलबर्ग्याहून आले होते. आम्हाला धडा म्हणून त्यांनी स्वतः भूगोलाचा एक पाठ घेऊन दाखवला आणि मग विचारलं, कसा वाटला? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, दुसरं काय करणार. मास्तर उभे राहिले. "साहेब, तुम्ही पोरांना प्रश्न इचारला अन् उत्तर बी तुम्हीच दिलं. पोरं नुसती बसून व्हती." साहेबांचा चेहरा उतरला. पाचच्या गाडीनं ते गेले, आणि जाता जाता शाळेच्या शेरेबुकात मास्तरांविषयी असं काही लिहून गेले की हेडमास्तरची खुर्ची मास्तरांच्या नशिबात पुढं कधीच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर हळहळत होते, पण खुर्चीसाठी नाही. "फळ्यावर नकाशा काय बिनचूक काढला व्हता त्यांनी. हात न उचलता. आज सांगणार होतो. एक दिस थांबले असते तर."

"अहो, लोक थांबत नसतात मास्तर," मी म्हटलं.

"थांबावं," ते म्हणाले. "चांगला सांगावा कुठं पळून जायलाय?"

हा सांगाव्याचा शब्द त्यांच्याकडं वडिलांकडून आला होता. मास्तर मूळ मादन हिप्परग्याचे. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, गावकीची कामं करायचे. त्यातलं एक काम सांगावा नेण्याचं. गावात कुणी गेलं की त्यांच्या सोयऱ्यांना कळवायला अप्पांना पळावं लागे, कधी दहा कोस, कधी त्याहून जास्त. उशीर झाला तर लेकीला बापाचं तोंड दिसायचं नाही. म्हणून अप्पांचा नेम होता : वाईट सांगावा मिळाला की हातातला घास टाकून निघायचं. बारशाचा, लग्नाचा सांगावा भाकर खाऊन, सावलीला टेकून नेला तरी चालतो. त्यात कुणाचं काही जात नाही. मास्तर शिकले, मास्तर झाले, दीक्षा घेतल्यावर घरानं गावकी सोडली, पण अप्पांचा नेम तेवढा लेकाच्या अंगात राहिला. खोट आज, गुण उद्या.

"अप्पांच्या वहाणा पायात कमी अन् हातात जास्ती असायच्या," मास्तर सांगायचे. "पाटलाच्या दारावरनं जाताना हातात घ्याव्या लागायच्या, तो रिवाज. अन् सांगावा घेऊन पळताना हातात घ्यायचे, काळ्या मातीत पळता यावं म्हणून. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसायचं. पण बाई, एक मान खाली घालून असायचं, अन् दुसरं मान वर करून." मग म्हणायचे, "दीक्षेनंतर अप्पा एकदाच वहाणा घालून पाटलाच्या दारावरनं गेले. काही झालं न्हाई. घरी आले अन् वहाणा पुसून ठेवल्या. पुन्हा घातल्याच न्हाईत." अप्पांचं बोलणं निघालं की मास्तर एरवीपेक्षा चार वाक्यं जास्त बोलायचे.

त्यांचं स्वतःचं नाव मारुती आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर, यावरून कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "नाव बापानं ठेवलंय. बदलू कामून?" लग्न त्यांनी केलं नाही. त्यांच्याहून सतरा-अठरा वर्षांनी धाकटा भाऊ किसन, त्याला माय आणि अप्पा गेल्यावर त्यांनीच वाढवला. मी आले तेव्हा किसन घर सोडून गेला होता. "सोलापूरच्या मिलमधी हाय," मास्तर सांगायचे, आणि विषय बदलायचे. हे खोटं आहे हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. किसन कंपनीत गेला होता.

आमच्याकडं नुसतं कंपनी म्हटलं की भाग्योदय कंपनी. बाकीच्या कंपन्यांना त्यांच्या नावानं ओळखायचे. वर्ष-दोन वर्षांआड, सुगी झाली की, बाजाराच्या मागच्या माळावर तिचा तंबू पडायचा. तंबूत काय नव्हतं? झुल्यावरच्या कसरती, सायकलीवर सायकल, जादूवाला, बकरीवर बसणारं कुत्रं, एक हत्ती, आणि शेवटी तासाभराचा फार्स, अर्धा कानडीत, अर्धा मराठीत, मधे मधे दखनी उर्दूतल्या शिव्यांसारख्या वाटणाऱ्या पण शिव्या नसलेल्या ओळी. पत्रकावर मोठ्या अक्षरात : सहकुटुंब पाहावे. आणि लोक पाहायचेही तसेच. बायकांना बसायला वेगळी कनात होती. घरंदाज सुनासुद्धा डोईवरचा पदर न ढळवता दुपारी तीनच्या खेळाला यायच्या. मला तर त्या गावात आल्यापासून कुठं हसायची जागा सापडली असेल तर ती तिथंच.

कंपनी आली की गावात दोन तट पडायचे. कापड दुकानवाले, हॉटेलवाले कंपनीचं कौतुक करताना थकायचे नाहीत : शिस्त बघा, बायाबापड्या निर्धास्त बसतात, एक वावगा शब्द नाही. दुसरा तट हायस्कूलच्या मास्तरांचा : तेच ते विनोद, जनावरांचे हाल, पोरं अभ्यास सोडून माकडचेष्टा करतात. भांडण पेटलं की कुणीतरी म्हणायचं, "तराजू मास्तरला बोलवा." मास्तर दोन्ही तटांचं ऐकून घ्यायचे आणि दोघांनाही अर्धं अर्धं नाराज करून जायचे.

कंपनीचा मॅनेजर शिवप्पा मोठा हुशार. त्यानं तिकिटाच्या खिडकीपाशी एक जाडजूड वही ठेवली होती. तिलाही तो शेरेबुकच म्हणायचा. गावोगावच्या तहसीलदारांनी, डॉक्टरांनी तिच्यात तारीफ लिहिलेली. त्यातल्या गोड ओळी काढून तो पुढच्या गावच्या पत्रकावर छापायचा. त्या वहीत खोट लिहिणारा भीमेच्या अल्याडपल्याड एकच माणूस होता. मास्तरांनी पहिल्या वेळी लिहिलं, "हत्तीच्या पायाला साखळीची जखम आहे आणि तिच्यावर माशा आहेत. हे बघून लहान मूल काय शिकेल?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून खेळ बघितला आणि खाली लिहिलं, "आमच्या गावातल्या बायका घराबाहेर मोकळ्या हसतात अशी ही एकच जागा आहे. त्यासाठी कंपनीचे आभार." शिवप्पानं वरच्या शेऱ्यावर खळ लावून कोरा कागद चिकटवला. पण त्याच्या आधी तहसीलदारांनी तो वाचला होता. चार दिवसांनी हत्तीच्या पायाला पट्टी दिसली.

"येन्री मास्तर," शिवप्पा हात जोडून, कानडी मिसळत म्हणायचा, "एकाच दिवशी दोन्ही लिहीत जा की. न्हाईतर नुसतं दुसऱ्या दिवशीचंच लिहा."

"पहिल्या दिवशी डोळे दिपलेले असतात," मास्तर म्हणायचे. "दिपलेल्या डोळ्यानं केलेली तारीफ खरी न्हाई. दुसऱ्या दिवशी बी जे चांगलं वाटतंय तेच चांगलं."

त्या वर्षी कंपनी आली आणि हॉटेलात बातमी फुटली की फार्समधला धुळ्या म्हणजे आपला किसन आहे. सगळा तंबू तोच हसवतो म्हणे. रविवार होता. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला, ही गोष्ट मी त्याआधी फक्त झेंडावंदनाला बघितली होती. लेकीला आणि मला म्हणाले, "चला. तीनचा खेळ हाय." मिलचं सोंग त्यांनी त्या दिवशी सोडून दिलं.

फार्स असा : धुळ्या गावाचा सांगाव्या. पाटील त्याच्या हाती एकाच वेळी दोन सांगावे देतो, एका घरी मयतीचा, एका घरी लग्नाचा. धुळ्या पळता पळता दोन्ही उलटे करतो. लग्नघरी जाऊन गळा काढतो, मयतीच्या घरी हळद मागतो. आणि या सगळ्यात वहाणा हातात. पाटील दिसला की वहाणा हातात, कुत्रं दिसलं की हातात, बायको दिसली की हातात. किसन रंगमंचावर पळायला लागला आणि तंबू हसून हसून आडवा झाला. गुडघे वर उचलत, मान पुढं काढून, कोपरं अंगाला चिकटवून त्याचं ते पळणं. माझ्या लेकीला उचकी लागली हसून. आणि मी? मीही हसले. खदाखदा हसले. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली, तेव्हा लपवण्यात आता अर्थ नाही.

बायकांच्या कनातीच्या कडेला मी बसले होते. पलीकडं, दोरीच्या त्या बाजूला, मास्तर दिसत होते. ते हसत नव्हते. ते रागातही दिसत नव्हते. पुढं झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, ते असं बघत होते जणू बोलावणं येईल म्हणून दारात उभे आहेत. मग धुळ्या अडखळून पडला, वहाणा दोन बाजूंना उडाल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले. माझं हसू तिथं थांबलं. मला अप्पांच्या वहाणा आठवल्या.

खेळ सुटल्यावर किसन बाहेर आला. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच. चोवीस-पंचवीसचा, मास्तरांसारखंच रुंद कपाळ. गर्दी त्याच्या पाठीवर थापा मारत होती, पण त्याचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. तो सरळ मास्तरांपुढं येऊन उभा राहिला.

"अण्णा."

"वाळलास," मास्तर म्हणाले.

"कसं वाटलं, अण्णा?"

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. "उद्या यतो. पुन्हा बघतो," असं म्हणून ते खिडकीपाशी गेले, वही ओढली आणि उभ्यानंच लिहिलं. मी मागं होते, मला वाचता आलं.

"धुळ्याच्या हातातल्या वहाणांवर लोक हसतात. त्या हातात का असतात हे कंपनीला माहीत नसेल. पण ज्याला माहीत आहे त्यानं तरी त्यावर हसवायला नको होतं."

वही मिटून मास्तर निघाले. वळून बघितलं तेव्हा किसन ती उघडून उभा होता.

घराशी आल्यावर कुलूप उघडता उघडता मास्तर म्हणाले, "बाई, अप्पा पळायलेत असं वाटलं. तेच पळणं. ती मान, ती कोपरं. अप्पांना जाऊन बारा-तेरा वर्सं झाली, मला त्यांचं चालणं आठवत न्हवतं. या पोरानं ते अंगात जपून ठेवलंय. असा नट मी बघितला न्हाई. लोक हसायलते अन् मला अप्पा दिसायलते."

"मग जा ना आत्ता! त्याला हे सांगा," मी म्हटलं.

"उद्या," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता. "उद्या पुन्हा बघतो अन् मग लिहितो. नीट लिहिलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सोमवार. नोकरीतली पहिली अर्धी रजा टाकून मास्तर तीनच्या खेळाला गेले. धुळ्या भलताच कुणीतरी होता. शिवप्पा म्हणाला, किसन सकाळच्या सोलापूर गाडीनं गेला. पुढच्या मुक्कामाचं मैदान बघायचं, भिंतींवर कागद चिकटवायचे, ते काम त्यानं मागून घेतलं. मास्तरांनी वही मागितली. ते कालचं पान वहीत नव्हतं, फाडलेल्याची दातेरी कड तेवढी होती. शिवप्पानं फाडलं असणार, असं आम्ही दोघं धरून चाललो. कोऱ्या पानावर मास्तरांनी पेन टेकवला, बराच वेळ तसाच धरला, आणि उचलला. "ज्याचा सांगावा त्याच्याच हातात द्यायचा," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर सतरा वर्षं गेली. राज्याचं नाव कर्नाटक झालं, भीमेच्या पाण्यावर ऊस आला, माझी लेक मोठी झाली, लग्न होऊन बिदरला गेली. कंपनी येत राहिली. दर वेळी मास्तर पहिल्या दिवशी तंबूशी जाऊन विचारायचे, "किसन आलाय का?" तो कधीच आलेला नसायचा. आज पुढच्या गावी, उद्या त्याच्या पुढच्या. मास्तरांनी कंपनीच्या पत्त्यावर कार्डं टाकली. काय लिहिलंत म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "ये म्हणून लिवलं."

"अहो, ते सांगा ना कार्डात. अप्पांचं."

"कार्डात मावत न्हाई," ते म्हणायचे. आणि मग तेच, "चांगला सांगावा हाय. कुठं जायलाय?"

त्यांना खात्री होती की किसन आपलं गाव तेवढं टाळून बाकी गावोगाव धुळ्या होऊन टाळ्या घेतोय. आपला शेरा उशिरा मिळाला तरी काय बिघडलं, मिळेल तेव्हा दुणा आनंद. अभिमान होता का तो? होताच. आपण उठून त्याच्या मागं जायचं नाही, त्यानं यायचं. मला त्यांचा राग यायचा. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीतून एकट्याच्या बोलण्याचा आवाज यायचा, तेव्हा तो राग जायचा. एकदा मी दाराशी गेले तर मास्तर भिंतीला टेकून, समोर कुणी बसल्यासारखं, हळूहळू सांगत होते, "तुझी ती मान पुढं काढायची ढब..." मी पाय न वाजवता परत फिरले.

ते निवृत्त झाले तरी शाळेत यायचे. व्हरांड्यात बसून कच्च्या पोरांचं गणित घ्यायचे. मीही तेव्हा बिदरला बदली मागितली होती, हुकूम हातात आला होता, आठवडा उरला होता. त्या दुपारी कंपनीचा एक म्हातारा दोरवाला शाळेत आला. कंपनी गुलबर्ग्यात होती, शेवटचा मुक्काम. व्हिडिओ आल्यापासून तंबूत कुत्रं फिरकत नाही म्हणाला. अफजलपूरला येणं आता होणार नाही, तर कधी काळी शाळेकडून नेलेले चार बाक परत करायला तो आला होता. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "किसन कसा हाय?"

"पडदा ओढणारा किसन? हाय की. खोकला लई वाढलाय."

"पडदा? धुळ्या करतो न्हवं तो?"

"कधीचं काय बोलायलात मास्तर," दोरवाला म्हणाला. हे मास्तर किसनचे भाऊ, हे त्याला ठाऊक नव्हतं. "मैदानं बघत फिरला पाच-सात वर्सं, मग पडद्यावर आला. तोंडाला रंग लावून जमाना झाला. हितंच, अफजलपुरात, कुणीतरी शेरेबुकात लिवलं म्हणं काहीतरी. ते पान फाडून खिशात ठिवलंय येड्यानं, घडीवर घडी. आम्ही म्हणायचो, फेकून दे की बाबा. तर म्हणायचा, अजून अर्धाच शेरा आलाय. दुसऱ्या दिवशीचा यायचा हाय."

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. पोरानं उचलून दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"अर्धाच आलाय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"व्हय. दर वेळी तेच. तेव्हा थांबायला पायजे होतं म्हणतो, अन् आता हितं यायचं धाडस न्हाई."

मास्तर उभे राहिले. माझ्याकडं वळले. साठीला आलेल्या त्या माणसाचं तोंड मी लहान मुलासारखं झालेलं बघितलं. "बाई, अप्पा चुकले," ते म्हणाले. "चांगला सांगावा थांबत न्हाई. गुलबर्ग्याची गाडी किती वाजता?"

"साडेचार," मी म्हटलं. घड्याळात चार पंचवीस झाले होते, आणि स्टँड बाजाराच्या पलीकडं.

पुढं काय झालं ते मी बघितलं नाही. मास्तर परतायच्या आधीच, आठवड्यानं, मी बिदरला गेले. मास्तरांची दोन कार्डं तिथं आली, एकामागोमाग एका दिवसाच्या अंतरानं. आता त्यांच्याच पद्धतीनं वाईट आधी सांगते. पहिल्या कार्डात होतं की किसन घरी यायला तयार झाला नाही. वय गेलं, घसा गेला, आता कोणत्या तोंडानं गावात येऊ म्हणाला. कंपनी तिथंच मोडली, तो एका थेटरात पहाऱ्याला राहिला. मास्तर एकटेच परत आले, आणि पुढच्या दोन वर्षांत, त्याच खोलीत, एकटेच गेले. मला महिन्यानं कळलं. किसन तिसऱ्या दिवशी पोचला म्हणे. त्याला सांगावा न्यायला गावात कुणी पळणारं नव्हतं.

दुसऱ्या कार्डात तीन ओळी होत्या. "सांगितलं. सगळं सांगितलं, तंबूत, पडद्यामागं. ऐकून रडला आणि म्हणाला, अण्णा, अप्पांचं पळणं तुला ओळखू आलं व्हय?"

ही कार्डं माझ्या पेटीत आहेत. त्या माणसाचं किती ऋण आहे माझ्यावर, परक्या गावात माझ्या लेकीला त्यांनी कसं वागवलं, त्या दिवशी मी हसले त्याची लाज मला किती वर्षं वाटली, यातलं एक अक्षर मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगू म्हणत राहिले.

चांगलं शेवटी ठेवलंय. त्या दुपारी मी शाळेच्या पायरीवर उभी होते. मास्तर फाटकातून बाहेर पडले, भरभर चालायला लागले, मग त्यांना चपलांचं ओझं झालं असावं. ते वाकले आणि दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. पोरं व्हरांड्याच्या कठड्यावर चढली आणि हसायला लागली, कारण दिसतच होतं तसं : म्हातारा माणूस, पांढरं धोतर, हातात चपला, गुडघे वर उचलत, कोपरं अंगाला चिकटवून, बाजाराच्या रस्त्यानं पळतोय. मी नाही हसले. मास्तरांची मान वर होती.